व्हीसी मशीन चांगलं आहे, पण 'ऑटो'वर सोडाल तर पैसे पाण्यात

सरळ सांगतो, व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या मशीनला ५ पैकी ४ स्टार आणि ज्यांनी ते येऊन बसवलं त्यांना दीड. त्यातला अर्धा पण केबली नीट पट्टीत घातल्या म्हणून. आमची पतपेढी आहे, हेड ऑफिस परळला, शाखा चिपळूण, खेड, कणकवली आणि एक-दोन घाटावर. दर महिन्याला संचालक मंडळाची मीटिंग, मार्च जवळ आला की वसुलीच्या मीटिंगा तर विचारूच नका. आधी सगळं एका लॅपटॉपवर चालायचं, म्हणजे टेबलाच्या टोकाला बसलेल्या संचालकांचं फक्त कोपर दिसायचं आणि आवाज विहिरीतून आल्यागत. त्यात पावसाळ्यात कुर्ला-सायनला रुळावर पाणी आलं की कल्याण-डोंबिवलीचे संचालक घरूनच जॉइन होणार, मग अजूनच गोंधळ. म्हणून मंडळाने ठराव करून बोर्डरूमसाठी हे मशीन घेतलं.

कंपनीचं आणि व्हेंडरचं नाव मुद्दाम घेत नाही. एक म्हणजे उगाच वाद नको आणि दुसरं म्हणजे मी जे लिहितोय ते बहुतेक सगळ्याच ब्रँडच्या मशीनला लागू पडतं, मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे एवढंच. आमच्याकडे एक कोडेक म्हणजे मेन काळा डबा, फिरणारा कॅमेरा १२ एक्स ऑप्टिकल झूमवाला, टेबलावरचे माइक आणि रिमोट असा सेट आलाय. मागे दोन एचडीएमआय इन, दोन एचडीएमआय आउट. भिंतीवर दोन टीव्ही, एक नवीन ५५ इंची आणि एक जुना ४३ इंची जो मॅनेजर साहेबांच्या केबिनमधून उचलून आणला, कारण बजेट संपलं.

आता इन्स्टॉलेशनचं ऐका. व्हेंडरचा पोरगा आला, टीव्ही टांगले, केबली लावल्या, पडद्यावर चित्र आलं, "सर चालू झालं, इथे सही करा" आणि दुसऱ्या साइटला पळाला. मेनूमध्ये जे जे होतं ते सगळं ऑटो. चित्र येणं आणि चित्र बरोबर येणं यात फरक असतो हे यांना कोणी शिकवतच नाही बहुतेक. ऑटोवर सोडणं म्हणजे रिक्षात बसून "घ्या पुढे कुठेतरी" सांगण्यातला प्रकार, पोचाल कुठेतरी पण मीटर बघा. पहिल्या मीटिंगला चेहरे पिवळे, पडद्यावर आडवे पट्टे वरून खाली सरकतायत, आणि थकबाकीची यादी लावली तर डावीकडचा खातेक्रमांकाचा कॉलम अर्धा कापलेला आणि खालची टोटल गायब. अध्यक्ष बोलले, एवढे पैसे घालून हेच बघायचं होतं का. मग रिमोट माझ्या हातात आला, ऑफिसात कॉम्प्युटरचं जे काही ते आपल्याच गळ्यात असतं.

कापलेल्या यादीचं आधी सांगतो कारण हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यांकडे असतंच. दोष मशीनचा नसतो, टीव्हीचा असतो. जुन्या डब्बा टीव्हीच्या जमान्यात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा फ्रेमच्या मागे लपवायचे, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. आता फुल एचडी पॅनेलमध्ये १९२० बाय १०८० मोजून पिक्सेल असतात, लपवायला काही उरलेलंच नाही, तरी कित्येक टीव्ही अजून एचडीएमआयवर तेच करतात. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइझमध्ये जायचं, एलजीवर 'जस्ट स्कॅन' असतं, सॅमसंगवर 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीवर 'फुल पिक्सेल'. ते लावलं की टोटल परत दिसते. काही टीव्हीवर इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं की टीव्ही आपोआप शहाण्यासारखा वागतो, आमच्या जुन्या ४३ इंचीवर हाच उपाय चालला. व्हेंडरच्या पोराने व्हीसी मशीनच्या मेनूत जाऊन चित्र छोटं करून दिलं असतं, तसं करू नका, अक्षरं फुटतात.

पट्ट्यांचा विषय जास्त इंटरेस्टिंग आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत 'अँटी-फ्लिकर' किंवा 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' असं काहीतरी असतं, त्यात ५० आणि ६० असे दोन पर्याय. आमचा आला होता ६० वर, म्हणजे अमेरिकेतली सेटिंग. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, बेस्टची असो की टाटाची की अदानीची, सगळीकडे तीच. चोकवाली ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, आपल्या डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याचा शटर जर १/६० सेकंदावर चालत असेल तर ताळमेळ बसत नाही आणि पट्टे सरकत राहतात. ५० केलं की शटर १/५० किंवा १/१०० वर येतो आणि पट्टे बंद. एका क्लिकचं काम! छतावरच्या स्वस्त एलईडी पॅनेल लाइटचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, फालतू असेल तर मात्र सेटिंगनेही पूर्ण जात नाही, आमच्या खोलीत दाराजवळचं एक पॅनेल तसलंच होतं ते बदलावं लागलं.

रंगाचं बोलायचं तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, ऑटो ठेवू नका. आमच्या बोर्डरूमची भिंत फिकट हिरवी, एका बाजूला पिवळट ट्यूब, दुसऱ्या बाजूला खिडकी, आणि कोणी भडक साडी नेसून किंवा भगवा कुर्ता घालून कॅमेऱ्यासमोर आलं की ऑटोवाला कॅमेरा गोंधळून बाकीच्यांचे चेहरे निळे करायचा. उपाय म्हणजे खोलीतले मीटिंगच्या वेळी लागतात तेच दिवे लावायचे, एक कोरा पांढरा कागद टेबलाच्या मधोमध धरायचा, त्यावर झूम करायचं आणि 'वन पुश' दाबून मॅन्युअलवर लॉक करायचं. खिडकीचं दुखणं वेगळं, अध्यक्षांची खुर्ची नेमकी पश्चिमेच्या खिडकीला पाठ करून, त्यामुळे चारनंतर साहेब म्हणजे नुसती काळी आकृती. 'बॅकलाइट कॉम्पेन्सेशन' ऑन केलं की चेहरा दिसतो पण मागची खिडकी पांढरी भक्क होते. खरं उत्तर पडदा ओढणं हेच, ते मेनूत नाही. खुर्ची हलवायचा विषय काढून बघितला, तो ठराव काही पास होणार नाही.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दलही तक्रार आहे. पोराने तो ५५ इंचीच्या वर, छताजवळ लावला, कारण स्टँड तिथे लावायला सोपा. शाखेतल्या लोकांना त्यामुळे संचालक मंडळाचे फक्त टक्कल आणि चष्म्याच्या वरच्या कडा दिसत होत्या, कणकवलीच्या मॅनेजरने ते हसत हसत सांगितलं पण सांगितलं. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, टीव्हीच्या लगेच खाली किंवा वरच्या कडेला लागून, असा असावा. खाली आणल्यावर प्रीसेट, म्हणजे एका बटणावर ठरलेली कॅमेऱ्याची जागा, भरले: १ वर अख्खं टेबल, २ वर अध्यक्ष आणि सेक्रेटरी, ३ वर व्हाइटबोर्ड. आता आमचे शिपाई काका रिमोटवर २ दाबतात आणि कॅमेरा बरोबर साहेबांवर जातो, त्यांना हे काम जाम आवडलंय. ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम वेगवेगळे असतात हे लक्षात ठेवा, मेनूत डिजिटल झूम बंदच करून टाका, तो फक्त चित्र फुगवतो.

आता इनपुट. हा मेनू मला सगळ्यात आवडला आणि इथेच मशीनला मी स्टार दिलेत. दोन्ही एचडीएमआय इनला नाव देता येतं, 'इनपुट २' च्या जागी 'लॅपटॉप' लिहिलं की संचालकांना रिमोटवर शोधत बसावं लागत नाही. पण खरी गंमत खालच्या ओळीत आहे, प्रत्येक इनपुटला 'मोशन' की 'शार्पनेस' ते सांगायचं असतं. आमचा लॅपटॉप मोशनवर होता. मोशन म्हणजे मशीन हालचाल गुळगुळीत ठेवायला बघतं, सेकंदाला ३० फ्रेम, आणि त्यासाठी बारीक तपशील सोडून देतं. शार्पनेस म्हणजे उलटं, फ्रेम कमी पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. थकबाकीची यादी काय नाचते का? तिला शार्पनेसच पाहिजे. बदलल्याबरोबर खेडवाले बोलले की आता आकडे वाचता येतात, ३ आहे की ८ आहे ते विचारायला लागत नाही. ट्रेनिंगची फिल्म दाखवायची असेल तेव्हा मोशन, एरवी हात लावू नका.

हे असं का चालतं तर कॉलमध्ये दोन वेगवेगळी चित्रं जातात, एक माणसांचं आणि एक लॅपटॉपचं. कॉल जोडायच्या जुन्या एच.३२३ पद्धतीत याला एच.२३९ म्हणतात, एसआयपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत बीएफसीपी. एच.३२३ हे स्टँडर्ड १९९६ चं आहे, म्हणजे आमच्या काही क्लार्कच्या वयाचं, पण अजून मेनूत बसलंय. दोन्ही चित्रं एकाच लाइनमधून जातात त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे लाइनची क्षमता, वाटून घ्यावी लागते. साधारण १०८०पी म्हणजे फुल एचडी चित्राला सेकंदाला दीड-दोन एमबी लागतात, म्हणजे मेगाबिट हां, मेगाबाइट नाही, आणि त्याखालच्या ७२०पी ला १ च्या आसपास भागतं. शाखेची अपलोड लाइन अशक्त असेल तर तिथल्या मशीनवर कॉल रेट, म्हणजे कॉलने सेकंदाला किती मेगाबिट वापरायचे ती मर्यादा, खाली आणा. चित्र थोडं साधं येईल पण अडकणार नाही. हट्टाने १०८०पी लावून ठेवलं की सगळ्यांचे चेहरे चौकोनी चौकोनी.

लॅपटॉपवरून अजून एक डोकेदुखी झाली ती सांगतो. मॅनेजर साहेबांचा नवीन लॅपटॉप लावला की 'नो सिग्नल', बाकीच्यांचे जुने लॅपटॉप मस्त चालतायत. साहेब वैतागले, त्यांना वाटलं लॅपटॉपच खराब. मामला असा असतो की एचडीएमआय जोडली की समोरचं यंत्र लॅपटॉपला आपली एक छोटी माहिती देतं, ईडीआयडी म्हणतात तिला, मूळ ब्लॉक फक्त १२८ बाइटचा, त्यात लिहिलेलं असतं की मला कुठकुठलं रेझोल्युशन जमतं. लॅपटॉप ते वाचून तसं चित्र पाठवतो. आमच्याकडे मधे व्हेंडरने एक स्वस्तातला स्प्लिटर, म्हणजे एक चित्र दोन ठिकाणी पाठवणारी डबी, घुसवला होता, लॅपटॉपचं चित्र थेट टीव्हीवर पण जावं म्हणून, आणि तो स्प्लिटर ५५ इंची ४के टीव्हीची माहिती लॅपटॉपला देत होता. लॅपटॉप खुश होऊन ४के, म्हणजे १०८०पी च्या चौपट पिक्सेलचं चित्र, पाठवतोय आणि व्हीसी मशीनचं इनपुट फक्त १०८०पी घेतं. जुन्या लॅपटॉपना ४के झेपतच नव्हतं म्हणून ते वाचले! स्प्लिटर काढून फेकला, लॅपटॉप सरळ मशीनमध्ये लावला, मशीन स्वतःच टीव्हीवर दाखवतं, प्रश्न मिटला. ज्यांच्या मशीनमध्ये इनपुटचं ईडीआयडी निवडायची सोय आहे त्यांनी १०८०पी ६० निवडून ठेवा, कोणाचाही लॅपटॉप येऊ दे.

केबलसाठी लॅमिंग्टन रोडला गेलो होतो, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. तिथे दुकानदार तुम्हाला ८के छापलेली जाडजूड केबल दाखवणारच. गरज नाही. एचडीएमआय १.४ मध्येच १०.२ गिगाबिट जातात आणि ४के सुद्धा ३० फ्रेमने जातं, २०१३ साली आलेल्या २.० मध्ये १८ गिगाबिट, ४के ६० फ्रेमने. आपल्याला १०८०पी साठी दोन्ही उदंड. बघायचं ते लांबी. टेबलापासून भिंतीपर्यंत फरशीखालून १५ मीटर साधी तांब्याची केबल ओढली की पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागतात किंवा चित्र मधेच जातं-येतं. तेवढ्या लांबीला एचडीबेसटी चा जोड घ्या, तो नेटवर्कच्या कॅट ६ वायरवरून १०० मीटरपर्यंत नेतो, किंवा ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे प्रकाशतंतूवाली केबल. ऑप्टिकल घेतली तर कुठलं टोक लॅपटॉपकडे आणि कुठलं टीव्हीकडे ते वर लिहिलेलं असतं, उलटी ओढली तर फरशी परत उकरा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने होणार नाही. १ फेब्रुवारीला बजेट, अध्यक्षांची इच्छा की सेट-टॉप बॉक्स मशीनला लावून सगळ्या शाखांना भाषण एकत्र दाखवावं. बोर्डरूममध्ये झकास दिसतंय आणि शाखांना काळा पडदा. व्हेंडरला फोन लावला तर तो बोलला कोडेक बदलावा लागेल. झोल आहे सरळसरळ. सेट-टॉप बॉक्समधून येणाऱ्या चित्रावर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, कॉपी होऊ नये म्हणून, आणि व्हीसी मशीन असं कुलूपबंद चित्र पुढे पाठवतच नाही. हे मशीन बरोबरच वागतंय. संसद टीव्हीचं लाइव्ह यूट्यूबवर असतं, ते लॅपटॉपवर लावून शेअर केलं, त्या दिवसापुरतं मोशनवर टाकलं आणि कणकवलीपर्यंत सगळ्यांनी बजेट बघितलं. नवीन कोडेकचे पैसे वाचले.

डिस्प्लेच्या मेनूबद्दल माझं मत जरा वाईट आहे, उगाच किचकट करून ठेवलाय. दोन टीव्ही लावले तरी मशीन सुरुवातीला दोन्हीवर तेच चित्र दाखवत होतं, म्हणजे दुसरा टीव्ही भिंतीला शोभेला. मॉनिटरला काम वाटून द्यावं लागतं: १ वर समोरची माणसं, २ वर लॅपटॉप. आम्ही मोठ्यावर यादी आणि छोट्यावर माणसं केलं, वयस्कर संचालकांना आकडे दिसणं जास्त महत्त्वाचं, चिपळूणच्या मॅनेजरचा चेहरा ४३ इंचात पण ओळखू येतो. सेल्फ व्ह्यू म्हणजे आपलं स्वतःचं चित्र, ते कोपऱ्यात सतत होतं आणि नेमकं एका शाखेच्या डोक्यावर बसायचं. त्याची जागा बदलता येते पण आम्ही बंदच केलं, नाहीतर निम्मी मीटिंग लोक स्वतःचे केस बघण्यात घालवतात. फ्रेमिंग बघायला सुरुवातीला मिनिटभर ऑन करायचं, बास.

लेआउट 'स्पीकर' वर होता, म्हणजे जो बोलेल तो मोठा. ऐकायला भारी, प्रत्यक्षात कणकवली शाखा रस्त्याला लागून आहे, बाहेर एसटीने हॉर्न मारला की अख्ख्या पडद्यावर कणकवली. मंडळाच्या मीटिंगला आम्ही सगळे सारखे चौकोनवाला लेआउट ठेवतो आणि ट्रेनिंगला बाकी सगळ्यांना म्यूट करून स्पीकर.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर मशीनवर राग काढू नका, टीव्हीत 'गेम मोड' लावा. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो आणि आवाज जर वेगळ्या स्पीकरमधून असेल तर तो आधी पोचतो. गेम मोडमध्ये ही सगळी रंगरंगोटी बंद होते. काळा रंग राखाडी, धुतल्यागत दिसत असेल तर टीव्हीतली एचडीएमआय ब्लॅक लेव्हल आणि मशीनची आउटपुट रेंज जुळवा: मशीन काळा ते पांढरा १६ ते २३५ असा पाठवत असेल आणि टीव्ही ० ते २५५ समजत असेल तर असंच होणार. आणि सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून एका यंत्राने दुसऱ्याला चालू-बंद करायची सोय, दोन्हीकडे ऑन ठेवा, सॅमसंगवर ॲनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक या नावाने लपलेलं असतं. मग मशीन जागं झालं की टीव्ही स्वतः चालू होतो आणि बरोबर इनपुटवर येतो, तीन रिमोटचा खेळ संपतो. आमचा जुना टीव्ही कधीकधी ऐकत नाही, तो त्याच्या वयाचा मान.

उणं एवढंच की मेनू फक्त इंग्रजीत आणि पीडीएफ शेकडो पानांचं, त्यात आपल्याला हवं ते पान कधीच सापडत नाही. रिमोटची बटणं बारीक. आणि मशीन महाग आहे हे आहेच. चार माणसांच्या ऑफिसला मी घ्या बोलणार नाही, तिथे चांगला यूएसबी कॅमेरा आणि लॅपटॉप पुरतो. मोठं टेबल, बाहेरच्या शाखा, लॅपटॉपला हात लावायला घाबरणारी मंडळी असं सगळं एकत्र असेल तर मात्र पैसे वसूल. फक्त व्हेंडरशी ऑर्डरआधीच लिहून घ्या की सेटिंग लावून, शाखेला कॉल करून, एक्सेलची शीट दाखवून मगच सही मिळेल.

मधे फर्मवेअर म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं आणि अँटी-फ्लिकर परत ६० वर, मॉनिटरची कामंही मूळपदावर. तेव्हापासून मेनूच्या प्रत्येक पानाचे मोबाईलवर काढलेले फोटो प्रिंट करून रिमोटच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत. एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या व्हिजिटला कोणी आलं की शिपाई काका आधी तो कागद त्याच्यासमोर ठेवतात, मग रिमोट देतात, कारण या पोरांना काही अडलं की पहिलं बटण फॅक्टरी रिसेटचंच आठवतं.